छपराखालचं छप्पर

माझ्या मुलीच्या खोलीत छताला एक डाग उमटला होता. बशीएवढा, मध्ये फिकट आणि कडेला चहासारखा तपकिरी. न्यू जर्सीतलं हे घर आम्ही विकत घेतलं तेव्हा छत पांढरंशुभ्र होतं. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ वितळू लागलं आणि डाग वर आला. मी रंगाचा डबा आणला, दोन हात मारले आणि विसरून गेलो. पुढच्या मार्चमध्ये तो परत आला, या वेळी ताटाएवढा होऊन.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांचा जन्म राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला आणि सारी नोकरी बांधकाम खात्यात मिस्त्री म्हणून झालेली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी नात त्यांना हाताला धरून आपली खोली दाखवायला घेऊन गेली. खेळणी, पुस्तकं, भिंतीवरची चित्रं सगळं बघून झालं आणि अण्णांची नजर वर गेली. त्यांनी खुर्ची मागवली, तिच्यावर उभे राहिले आणि डागाची कड नखाने खरवडली. पांढऱ्या रंगाचा पापुद्रा सुटला. त्याच्याखाली आणखी एक पापुद्रा होता, जरा पिवळट. आणि त्याच्याखाली जुना, वाळलेला तपकिरी डाग.

"वरचा रंग तुझा," अण्णा म्हणाले. "खालचा कोणाचा?"

खालचा आमच्या आधीच्या मालकाचा होता. म्हणजे आम्ही घर बघायला आलो तेव्हाही डाग तिथेच होता. त्याने तो रंगाखाली झाकला, आम्ही घर घेतलं, आणि तो डाग घराबरोबर आमच्या नावावर झाला.

छप्पर बदलायचं ठरलं. इकडची घरं लाकडाची. वाशांवर लाकडी फळ्या किंवा प्लायवूड, त्यावर डांबरी कागद आणि सगळ्यांत वर शिंगल. शिंगल म्हणजे काचतंतूंच्या जाळीला डांबराचा लेप देऊन वर बारीक खडी चिकटवलेले पातळ तुकडे. माशाच्या खवल्यांसारखे ते एकावर एक ठोकत आढ्यापर्यंत नेतात. वीसएक वर्षांत ऊन आणि बर्फ वरची खडी खाऊन टाकतात, कडा वळतात, आणि मग ते काढून नवे घालावे लागतात. छपराचं माप 'स्क्वेअर'मध्ये सांगायचं. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. आमचं छप्पर २४ स्क्वेअरचं होतं. घराचं २० आणि शेजारच्या गॅरेजचं ४.

छपराचं काम करणाऱ्या ठेकेदाराने जो आकडा सांगितला, त्यात जुना माल उचलून नेण्याचे पैसेही धरलेले होते. मला वाटलं, हे काम आपण स्वतः केलं तर चार पैसे वाचतील. मी त्याला तेवढी रक्कम कमी करायला लावली आणि डंपस्टर स्वतः भाड्याने घ्यायचं ठरवलं.

डंपस्टर म्हणजे राडारोडा टाकायचा मोठा लोखंडी कंटेनर. गाडी येते, तो आपल्या दारात उतरवून जाते. आपण भरायचा, मग गाडी येऊन उचलून नेते. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर बंधूंनी १९३० च्या दशकात यंत्राने गाडीवर उचलून रिकामी करता येईल अशी पेटी बनवली. त्यांचं आडनाव डेम्पस्टर आणि पेटीचं काम डंप करण्याचं, म्हणून ती डंपस्टर झाली. त्या भावांपैकी जॉर्ज डेम्पस्टर पुढे नॉक्सव्हिलचे महापौरही झाले. ही सगळी माहिती मी रात्री जेवताना अण्णांना उत्साहाने सांगत होतो.

"आपण केवढा घेणार आहोत?" त्यांनी विचारलं.

"वीस यार्डांचा. म्हणजे वीस घनयार्ड. एका घनयार्डात २७ घनफूट, म्हणजे ५४० घनफूट माल मावतो."

अण्णांचा हात भातावर क्षणभर थांबला. "म्हणजे साडेपाच ब्रासला जरा कमी," ते म्हणाले. १०० घनफुटांचा एक ब्रास, हा त्यांच्या आयुष्यभराचा हिशेब. "जागा कळली. वजनाचं काय?"

तेही मी काढलं होतं. जुन्या शिंगलचं वजन एका स्क्वेअरला साधारण २३० पौंड धरलं, तर २४ स्क्वेअरचं साडेपाच हजार पौंड. इकडचा टन २००० पौंडांचा, आपल्या ९०७ किलोंचा. म्हणजे पावणेतीन टन. कंटेनरच्या भाड्यात तीन टन धरलेले होते. त्यापुढच्या प्रत्येक टनाला शंभर डॉलर, आणि पाच टनांच्या वर गेलं तर गाडी कंटेनर उचलणारच नाही. आमचं तीनच्या आत बसत होतं.

"थर किती आहेत?"

"एक. मी मोजलाय."

"कुठे मोजलास?"

गॅरेजची वळचण शिडीवर दोन पायऱ्या चढलं की हाताला लागते. तिथे मोजला होता.

"आणि घराचा?"

"तोच असणार ना, अण्णा."

ते काही बोलले नाहीत. ताटातलं शेवटचं शीत त्यांनी टिपून घेतलं आणि हात धुवायला उठले.

कंटेनर सोमवारी सकाळी आला. चालकाने आधी आमच्या डांबरी वाटेवर जाड फळ्या मांडल्या, लोखंडी चाकांनी वाट उखडू नये म्हणून. मग गाडीची पाठ उचलली गेली आणि ती बावीस फुटी पेटी साखळीवरून घसरत, करकरत फळ्यांवर टेकली. जाता जाता त्याने नियम सांगितले. रंगाचे डबे, बॅटऱ्या, टायर आत टाकायचे नाहीत. काठाच्या वर एक तुकडाही दिसता कामा नये. आणि शेवटी म्हणाला, "छपराच्या मालाला डोळ्याने मोजू नका. पेटी अर्धी दिसते तेव्हा ती भरलेली असते."

ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. कामकरी मंगळवारी सकाळी येणार होते. सोमवारी संध्याकाळी ती एवढी मोठी पेटी दारात रिकामी उभी होती, आणि रिकामी जागा दिसली की माणसाला राहवत नाही. आमच्या तळघरात आदल्या वर्षी पाणी शिरून खराब झालेला गालिचा गुंडाळून ठेवलेला होता. मोडकं कपाट होतं, चालायचं बंद पडलेलं यंत्र होतं. भाडं भरलंच आहे तर हेही जाऊ दे, म्हणून मी एकेक वर आणून आत टाकू लागलो.

"तो छपरासाठी आणलाय ना?" बायकोने दारातून विचारलं.

"जागा आहे गं भरपूर."

रात्री पाऊस झाला. पेटीवर ताडपत्री टाकायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सकाळी गालिचा टम्म भिजून बसला होता.

सातच्या ठोक्याला सहा माणसं आली. बहुतेक इक्वाडोरची. मुकादम पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यांनी झाडांवर, खिडक्यांवर ताडपत्र्या टाकल्या आणि दातेरी फावडी घेऊन आढ्यावर चढले. शिंगलच्या खाली फावडं सरकवायचं, दांडा दाबायचा, की खिळ्यांसकट पट्टाच्या पट्टा सुटून घरंगळत खाली येतो. अण्णा अंगणातल्या खुर्चीवर बसून ते बघत होते. कोणत्याही गावचे असोत, छपरावरचे पाय ओळखू येतात, असं ते नंतर म्हणाले. आढ्यावरचा माणूस बघून पाऊल टाकत नाही, पायानेच बघतो.

अर्ध्या तासाने मुकादमाने मला हाक मारली. मी शिडीवर चढलो. त्याच्या हातात शिंगलचा एक तुकडा होता, वरून राखाडी. त्याने तो उलटा केला आणि छपराकडे बोट दाखवलं. जिथून राखाडी पट्टा सुटला होता, तिथे लाकूड दिसायला हवं होतं. तिथे शिंगलच होते. हिरवट, खडी झडलेले, कडा वर वळलेले. छपराखाली अख्खं दुसरं छप्पर.

"दोन," मुकादम म्हणाला.

आधीच्या मालकाने छप्पर नवं केलं तेव्हा जुनं काढलंच नव्हतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एका थरावर दुसरा घालायला नियमाने मुभा असते; दोनावर तिसरा मात्र चालत नाही. त्याने मुभा वापरली. उतरवायची मजुरी नाही, कंटेनरचं भाडं नाही, काट्यावरचं बिल नाही. वरून बघणाऱ्याला कोरं करकरीत छप्पर. घराच्या वीस स्क्वेअरवर दोन टनांहून जास्त जुनं ओझं तसंच ठेवून त्याने वर तेवढंच नवं चढवलं होतं, आणि आम्ही त्याच्याखाली झोपत होतो.

धुराड्याजवळ खालचा थर निघाला तेव्हा मुकादम पुन्हा मला घेऊन गेला. इथली लाकडी फळी काळी पडली होती. त्याने फावड्याचा कोपरा टेकवला, आणि फळी ओल्या बिस्किटासारखी आत गेली. माझ्या मुलीची खोली बरोबर खाली होती. धुराडं आणि छपराच्या सांध्यातला पत्रा जुन्या छपराच्या वेळीच गळत होता. जुनं उचकटून बघितलं असतं तर तेव्हा दोन फळ्या बदलून भागलं असतं. झाकल्यामुळे पाणी दोन थरांच्या मधून चालत गेलं, दिसेना झालं, आणि वाशाच्या टोकापर्यंत पोचलं.

दुपारी तीनला घर उघडं झालं. पेटी अर्ध्याहून थोडी वर भरली होती. मला वाटलं, अजून कितीतरी जागा आहे. मुकादम शिडीवरून उतरला, पेटीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"शिंगलचं वजन मला पाठ आहे," तो म्हणाला. "वीस स्क्वेअरचे दोन थर, वर कुजकं लाकूड. पाच टनांना टेकलंय. तुमचा तो गालिचा आणि कपाट बाहेर काढलंत तरच गाडी हे उचलेल. गॅरेजचा माल यात जात नाही."

मी आणि बायकोने तो भिजलेला गालिचा ओढून काढला. आदल्या संध्याकाळी मी एकट्याने खांद्यावरून आणलेला, तो आता दोघांना हलेना. त्याच्याखाली चिरडलेलं कपाट होतं. सगळं वाटेच्या कडेला मांडून ठेवलं. शेजारी गाडीतून जाताना हात करत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग मुकादमाने मला बाजूला घेतलं. वाईट हेतूने नाही. माझा खर्च वाचावा म्हणूनच तो बोलत होता.

"गॅरेजला एकच थर आहे. तुम्ही म्हणाल तर त्याच्यावरच नवा घालतो. नियमात बसतं. दुसरा कंटेनर लागणार नाही, उद्याचा अर्धा दिवस वाचेल. वरून बघून कुणाला कळणार नाही."

मी 'घाला' म्हणणारच होतो. गॅरेजमध्ये कोण झोपतं? गाडी, कुदळ-फावडी आणि बर्फ काढायचं यंत्र. शब्द तोंडात होता, पण अण्णा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. इंग्रजी त्यांना बेताचं कळतं. पण गॅरेजच्या छपराकडे दाखवलेलं बोट त्यांना कळलं होतं. मी त्यांच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं.

"तुला गावची शाकारणी आठवते?" त्यांनी विचारलं.

मला अंधूक आठवत होती. वैशाख संपत आला, की मृगाच्या आधी घर शाकारायचं. आमच्या घरावर मंगलोरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती साऱ्या किनारपट्टीवरच्या घरांवर चढली. कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव ठसठशीत उठवलेलं असायचं. मी लहानपणी ती अक्षरं बोटाने गिरवायचो. शाकारणीला एकेक कौल हाताने खाली यायचं, झाडलं जायचं, वाजवून बघितलं जायचं. खणखणीत वाजलं तर परत वर. बद्द वाजलं तर तडा गेलाय, बाजूला. फुटकी कौलंसुद्धा वाया जात नसत. तुळशीच्या आळ्याभोवती, न्हाणीच्या वाटेवर बसत, आणि त्यांच्या खापऱ्यांची आम्हा पोरांना लगोरी होई. कौलं उतरली, की रिपा आणि वासे उन्हात उघडे पडत. वाळवी कुठे लागली, लाकूड कुठे मऊ झालं, सगळं दिसे.

"दरवर्षी घर उघडं करून बघायचं, मगच त्याला पावसात उभं करायचं," अण्णा म्हणाले. "आपल्या घरात तीन पाखी तुझे काका बघायचे. माजघरावरचं पाखं माझ्याकडे. नोकरी कुठेही असो, मे महिन्यात रजा काढून मी येऊन ते उतरवायचो. एक वर्ष सोडून."

मी त्यांच्या पायाशी गवतावर बसलो.

"तू बारावी झालास ते वर्ष. तुझ्या इंजिनिअरिंगचे पैसे भरायचे होते. रिपा, गडी, सगळ्याचा खर्च होता. मी गेलो, वर चढलो, आणि वरूनच दिसली तेवढी फुटकी कौलं बदलली. पाखं उतरवलं नाही. वरून इतकं छान दिसत होतं, की तुझे काकाही म्हणाले, लवकर आटपलंस. खालच्या रिपांना वाळवी लागली होती. आषाढात एका रात्री पाखं मध्येच बसलं. खाली भाताची कणगी होती. वर्षाचं भात."

ते थोडा वेळ गप्प राहिले. छपरावर कुणीतरी नवी फळी ठोकत होतं.

"काकांनी मला कळवलं नाही. तुझ्या काकूने ते भात पडवीत पसरलं, विस्तवाच्या धगीवर वाळवलं, कुजलेलं निवडून टाकलं, आणि उरलेल्या वास मारणाऱ्या तांदळाचा भात वर्षभर खाल्ला. मला तीन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. ती कधी बोलली नाही. मी इतकी वर्षं समजत होतो, की त्या मे महिन्यात मी पैसे वाचवले." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "वाचवले नव्हते रे. वहिनीकडून घेतले होते, तिला न विचारता."

माझ्या घशाशी काहीतरी आलं. त्या पैशांवर मी शिकलो होतो. त्याच शिक्षणावर हे घर घेतलं होतं. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची किंमत काकूच्या ताटातल्या त्या भाताने भरली होती, आणि मी सुट्टीत गेलो की ती मला तूप वाढून आग्रह करायची.

"अण्णा, मी काय करू?"

"गॅरेज उघडायचं की नाही ते तू ठरव. खर्च तुझा आहे," ते म्हणाले. "मी एवढंच सांगतो. तिथे जे काही असेल, ते आज तुझं आहे. झाकलंस की ते दुसऱ्याचं होईल. तो दुसरा कोण, हे तुला माहीत नाही. म्हणूनच ते सोपं वाटतं."

मी मुकादमाला सांगितलं, गॅरेजही उतरवा. फोन करून दुसऱ्या सकाळसाठी दहा यार्डांचा लहान कंटेनर मागवला. बायकोने काही विचारलं नाही. तिने फक्त ताडपत्री काढून वाटेवरच्या ढिगावर नीट टाकली, आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

बुधवारी सकाळी मी गॅरेजच्या शिडीवर उभा होतो. शिंगल सुटत गेले. खालच्या फळ्या उघड्या पडल्या. मी एकेक फळी हाताने दाबून बघितली. कुठेही मऊ नव्हती. कुठे काळी नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीचं लाकूड, मधासारखं पिवळं, हातोडीने ठोकलं की खणखणीत.

खाली उतरलो तेव्हा मन थोडं खट्टू झालं होतं. "अण्णा, काहीच निघालं नाही. सगळं धड आहे. झाकलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं," ते म्हणाले. "पण उद्या कुणी विचारलं, की गॅरेजचं लाकूड कसं आहे, तर काल तू काय सांगितलं असतंस?"

"चांगलं असेल, असं."

"आणि आज?"

"चांगलं आहे."

"त्या दोन शब्दांत जेवढं अंतर, तेवढ्याचे पैसे तू आज भरलेस. ते वाया गेले नाहीत."

संध्याकाळी काम संपलं. मुकादमाने चाकांवरचं लांब लोहचुंबक हिरवळीवरून फिरवलं. जुन्या छपरातून हजारो खिळे निघतात. एखादा गवतात राहिला तर अनवाणी पायात किंवा गाडीच्या टायरात जातो. चुंबक फिरून गेल्यावरही अण्णा आणि माझी मुलगी वाकून गवत चाचपत राहिली. आमचं अंगण झालं, मग शेजाऱ्यांच्या हद्दीतली दहा फूट पट्टीही. दोघांनी मिळून डबाभर खिळे आणखी वेचले. मुलगी ते मोजत होती आणि अण्णा प्रत्येक खिळा डब्यात पडल्याचा आवाज ऐकून पुढचा शोधत होते.

गाडी दोन्ही कंटेनर घेऊन गेली. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी करून पुन्हा चढते, आणि दोहोंतला फरक तो आपला माल. पावत्या आल्या: पहिला कंटेनर ४.९ टन, दुसरा, तळघरातल्या सामानासकट, ०.९. मी पावणेतीन टनांचा हिशेब करून बसलो होतो आणि आमच्या दारातून ५.८ टन गेले होते. वाचवायला गेलो होतो त्याहून जास्त पैसे गेले. अण्णांनी पावत्या चष्मा लावून वाचल्या आणि विचारलं, "हे आता कुठे जातं?" मी सांगितलं, बरंचसं जमिनीत पुरतात, पण काही ठिकाणी शिंगल दळून त्यातलं डांबर आणि खडी रस्त्याच्या डांबरात मिसळतात. "मग बरं," ते म्हणाले. "कुणाच्या तरी पायाखाली उपयोगी पडेल."

मी पुष्कळ विचार केला, की आधीचा मालक माणूस कसा असेल. वाईट नसावा. त्यालाही त्या वर्षी कुठलीतरी फी भरायची असेल. नियमात बसणारं, वरून न दिसणारं, स्वस्तातलं काम त्याने केलं, जसं अण्णांनी केलं आणि जसं मी करणार होतो. आपण काही झाकतो तेव्हा ते संपत नाही, फक्त त्याच्यावरचं नाव बदलतं. आपल्या नावाचं ओझं आपल्या नकळत पुढच्या माणसाच्या नावावर चढतं, आणि वाढून चढतं. म्हणून ज्याच्या हातात शिडी आहे, त्याने एकदा उचकटून बघावं, आणि उतरवलेल्याचं वजन स्वतःच्या काट्यावर द्यावं. धड निघालं तर ती कमाई आहे. कुजकं निघालं तर तीही कमाईच आहे, कारण ते आपल्या हातात असताना निघालं.

अण्णा परत जायच्या आदल्या दिवशी मी घडीची शिडी लावून माळ्यावर गेलो. नव्या फळ्यांना अजून लाकडाचा वास होता. मी काळी जाड लेखणी घेतली आणि धुराड्याजवळच्या वाशावर, बॅटरीच्या उजेडात, मोठ्या अक्षरांत लिहिलं: जुने दोन्ही थर काढले आहेत. आता एकच थर आहे. धुराड्याजवळचं लाकूड आणि पत्रा बदलला आहे. त्याखाली महिना आणि वर्ष घातलं. हे घर आम्ही कधीतरी विकू. जो येईल त्याला हे वाचता यावं म्हणून इंग्रजीत लिहिलं.

खालून अण्णांचा आवाज आला. ते शिडी धरून उभे होते.

"लिहिलंस?"

"हो."

"नाव घातलंस का?"

मला कौलाच्या पोटावरची ती उठावदार अक्षरं आठवली. मी पुन्हा वाकलो, वासा हाताने पुसला आणि तारखेखाली माझं नाव लिहिलं.